फिजिक्सला स्कोप किती?

"फिजिक्सला स्कोप आहे का हो?" असं विचारणारा माणूस समोर आला की मी आधी त्याला बसायला सांगते, मग मनातल्या मनात आकडे मोजते आणि मगच तोंड उघडते. तरुणपणी सरळ अंगावर जायची. कॉलेजात मुलं मला 'घर्षण मॅडम' म्हणतात, ते मी तो धडा चांगला शिकवते म्हणून नव्हे. इतकी वर्षं हा विषय शिकवतेय, पण या एका शब्दाने अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. विषय कसा आहे, मुलीला तो आवडतो का, कशाची म्हणून चौकशी नाही. स्कोप सांगा. जणू मी दुकान मांडून बसलेय आणि गिऱ्हाइकाला कापड रंग सोडेल का ते आधीच हवंय.

एकदा या शब्दाने आमच्या विभागात असा काही घोटाळा केला, की एका मुलीचं शिक्षण त्यात वाहून जायची वेळ आली. ती मुलगी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. वर्गात तिला सगळे 'झीरो' म्हणायचे. कुणालाही वाटेल की मार्कांवरून म्हणत असतील, पण तसं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत पहिला नियम असा, की मोजायचं यंत्र हातात घेतलं की आधी काहीच न मोजता ते शून्य दाखवतंय का हे बघायचं. यंत्रं वापरून वापरून सरकतात. रिकाम्या हाताने थोडं जास्तच दाखवतात किंवा कमी. मुलं हा नियम पहिल्या आठवड्यात शिकतात आणि दुसऱ्या आठवड्यात खुशाल विसरतात. ही मात्र विसरली नाही. स्वतःचं यंत्र तर बघायचीच, वर शेजारच्यांच्या टेबलापाशी जाऊन शांतपणे विचारायची, "तुमचा झीरो बघितलात का?" तोवर त्यांचे सगळे आकडे लिहून झालेले असायचे. मग काय, शिव्या घालत पुन्हा पहिल्यापासून. नाव पडायला एवढं पुरे झालं.

हुशार म्हणावी तर पहिल्या पाचात कधी नाही, आणि ढ म्हणावी तर वर्गातला सगळ्यात अवघड प्रश्न हिचाच. पेपर पुरा करायची नाही. एखाद्या प्रश्नात अडकली की अडकली, बाकीचे प्रश्न गेले खड्ड्यात. मी कितीदा कानीकपाळी ओरडले असेन. "हो मॅडम" म्हणायची आणि पुढच्या पेपरात तेच.

तिचे वडील लोकांना मोटार चालवायला शिकवायचे. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा घाबरला की यांनी दाबायचा. "बाबांचा पाय सदा ब्रेकवर असतो मॅडम, घरी जेवायला बसले तरी," असं ती एकदा हसत म्हणाली होती. मीही हसले होते. तेव्हा त्यांना मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आमच्याकडे मुलांना पुढचा एकच विषय निवडावा लागतो. तिने फिजिक्स घ्यायचं ठरवलं आणि घरी सांगितलं. एक दिवस शिकवण्या लवकर आटोपून वडील स्वतःच चौकशीला आले. मी नेमकी प्राचार्यांकडे मीटिंगमध्ये जांभया दाबत बसले होते. प्रयोगशाळेत होते आमचे भाऊ. भाऊ म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस, माझ्याही आधीपासून इथे आहेत. त्या आठवड्यात यंत्रांची तपासणी करायला बाहेरून माणूस यायचा होता आणि भाऊ त्याच धास्तीत होते. आता आमच्याकडे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं एक यंत्र असतं. त्याचं खरं नाव हातभर लांब आहे, म्हणून आम्ही सगळेच त्याला नुसतं 'स्कोप' म्हणतो. आणि या गृहस्थांनी दारात उभं राहून विचारलं काय, तर "फिजिक्सचं हेच ना? इथे स्कोप कसा आहे?"

भाऊंनी जे उत्तर दिलं ते त्यांनी मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं. "दोन आहेत साहेब. त्यातला एक बंद पडलाय. दुसऱ्यावर भयंकर गर्दी, मुलांना नंबर लावून थांबावं लागतं."

"बंद पडलेला पुन्हा चालू व्हायची आशा?"

"वरून मंजुरी आली तर. पण खरं सांगू, आता त्यात काही राम राहिलेला नाही. जुना झाला."

तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, "ए झीरो, तुझे बाबा आलेत बघ."

झालं. तो माणूस तसाच मागे फिरला. घरी जाऊन त्याने सांगितलं, की फिजिक्समध्ये पुढे दोनच रस्ते आहेत, एक बंद झालाय, दुसऱ्यावर रांगा लागल्यात, सगळं वरच्यांच्या हातात आहे, हे खुद्द तिथल्या माणसाने मला सांगितलंय, आणि तुला तर तिथे सगळ्यांसमोर झीरो म्हणतात. तेव्हा ते पुरे झालं. दुसऱ्या एका कॉलेजात कंप्युटरचा कोर्स होता. तिथे ओळखीने एक जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती. आमच्याकडून दाखला काढायचा आणि तिकडे जायचं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. हसू आवरत होती आणि डोळे रडून सुजलेले होते. सगळी हकिगत ऐकल्यावर मलाही आधी हसूच आलं. मग राग आला. मी फोन उचलला. "थांब, मीच बोलते तुझ्या बाबांशी."

"नको मॅडम," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्ही बोललात तर ते उद्याच दाखला काढतील."

मुलीला माझी चांगलीच पारख होती. मी फोन खाली ठेवला.

"स्कोपचा घोळ मी सांगितला त्यांना," ती म्हणाली. "ऐकूनच घेत नाहीत. म्हणतात, यंत्राचं असो नाहीतर कशाचं, तू तरी सांग ना पुढे काय आहे. आणि मॅडम, मला सांगता नाही आलं. तुम्हाला माहितीय?"

मी तोंड उघडलं आणि पाढा वाचला. संशोधन, अध्यापन, उद्योग, परदेश, वगैरे वगैरे. दरवर्षी पहिल्या दिवशी वर्गात वाचते तोच. ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की ही मुलगी माझाच झीरो तपासतेय. मला यातलं खरं काय माहीत होतं? मी शिकले, परीक्षा पास झाले, शिकवायला लागले. या इमारतीच्या दारातून विद्यार्थी म्हणून आत आले ती बाहेर पडलेच नाही. भाऊंनी त्या गृहस्थांना जे अजाणता सांगितलं, ते माझ्या पाढ्यापेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ होतं.

मग मी तिला माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते दिले. म्हटलं, जा, भेट, डोळ्यांनी बघ. आणि स्कोप-बिकोप विचारलास तर याद राख.

"मग काय विचारू?"

"ते तुझं तू ठरव."

तिने ठरवलं. जाईल तिथे ती एकच विचारायची, की सकाळी कामावर आल्यावर तुम्ही पहिलं काय करता. मला आधी हा प्रश्न पोरकट वाटला. पण मोठमोठ्या शब्दांत तारे तोडायची सोयच त्यात नव्हती. माणसाला हाताने काय करतो तेच सांगावं लागायचं.

ती आधी एका हॉस्पिटलात गेली. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे तळघरात काम करते. कॅन्सरच्या गाठीवर किरणांचे उपचार करणारं मोठं यंत्र असतं ना, तिथे. रुग्ण यायच्या आधी ही बाई यंत्राखाली पाण्याने भरलेला चौकोनी हौद ठेवते, त्यात मोजायची नळी सोडते आणि यंत्र सांगतंय तेवढेच किरण खरोखर बाहेर पडतात का ते बघते. "किती द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. तेवढेच जातात का, ते माझ्यावर," असं ती म्हणाली. दाराची जाडी बघून आमची मुलगी चकित झाली. ढकलायला मोटर लागते म्हणे. आणि त्या ताईने वर असंही सांगितलं, की माझ्या सासरी अजून सगळ्यांना वाटतं मी नर्स आहे. आता मी खोडून काढणं सोडलंय, कारण खोडलं की अर्धा तास जातो.

मग एक विमा कंपनीतला. पीएचडी झालेला, हुशार पोरगा होता, माझा लाडका. तो म्हणाला, सकाळी आल्यावर मी कंप्युटर चालू करतो आणि पुढच्या वर्षी किती घरं जळतील त्याचा अंदाज बांधतो. सुखात आहे. फिजिक्सची आठवण येते का विचारलं तर म्हणाला, लोक शाळेतल्या मैत्रिणीची काढतात तशी काढतो, बायकोला न सांगता. एक शाळेत शिकवणारी भेटली. तिने बोलायला वेळच दिला नाही, कारण तिचा वर्ग चालू होता. पण मागच्या बाकावर बसवून घेतलं आणि शेवटी हिलाच फळ्याजवळ उभं केलं. तिथे हिची भंबेरी उडाली असं तीच सांगत होती.

आणि मग तो लेझरवाला. संशोधन संस्थेत कधीचा पीएचडी करतोय. संपेल तेव्हा संपेल. काळे पडदे लावलेली खोली, मधे दगडासारखं जड टेबल, त्यावर बोटभर उंचीचे आरसे ओळीने मांडलेले. एका आरशावरून दुसऱ्यावर किरण पाठवायचा आणि शेवटी सुईच्या टोकाएवढ्या भोकातून तो आरपार जायला हवा. "सकाळी आल्यावर पहिलं काय करता?" या प्रश्नावर तो म्हणाला, "काल रात्रीत काय हललं ते शोधतो." इमारतीपाशी एखादा ट्रक थांबला तरी त्याचे आरसे हलतात. त्याने हिच्यापासून काही लपवलं नाही. बरोबरीचे कितीतरी सोडून गेले, पुढे कुठे जागा मिळेल ते देव जाणे, घरच्यांनी विचारणंही बंद केलंय, सगळं सांगितलं. मग म्हणाला, आलीच आहेस तर हा स्क्रू धर. ती दिवसभर स्क्रू धरून बसली. जेवायचंसुद्धा विसरली.

सोमवारी आली तेव्हा मी विचारलं, "मग? काय आवडलं?"

"लेझरवाल्या दादाचं काम," ती म्हणाली. "आणि भीतीही तिथेच जास्त वाटली. त्याच्यासारखं व्हावंसं वाटतं आणि त्याच्यासारखं होऊ नये असंही वाटतं."

"हे घरी सांगितलंस?"

"हे कसं सांगणार? त्यांना नाही कळणार."

त्या वेळी मला या वाक्यात काही वावगं वाटलं नाही. आपण सगळेच म्हणतो.

महिना संपत आला तसे तिचे वडील दाखल्याचा अर्ज घेऊन माझ्या खोलीत आले. अर्जावर विभागप्रमुख म्हणून माझी सही लागते. ती त्यांच्या मागे उभी होती, मान खाली घालून. मी कंबर कसूनच बसले होते. माणूस मात्र मला वाटला होता तसा निघाला नाही. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेला. मी भाऊंना हाक मारली आणि स्कोपचा सगळा खुलासा भाऊंच्या तोंडून करवून घेतला. भाऊंनी बिचाऱ्यांनी माफीही मागितली. वडील कसनुसं हसले.

"ते हिने सांगितलं होतं," ते म्हणाले. "स्कोपचं सोडा मॅडम. मला काही त्याचं मोठंसं दुःख नाही. पोटापुरतं काही ना काही मिळवेल ती."

"मग दाखला कशाला?" माझा आवाज चढलाच.

ते बराच वेळ हातातल्या गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही शिकवता, तुम्हाला राग येईल. पण ही रोज घरी येते, मी विचारतो, आज काय शिकलीस? 'तुम्हाला नाही कळणार, बाबा.' रोज हेच. पूर्वी ही शाळेतून आली की माझं डोकं खायची. आता जेवते आणि खोलीत जाते. अजून दोन वर्षांनी काय होईल? लग्नात पाहुण्यांनी विचारलं, मुलगी काय करते, तर मी काय सांगू? ते कंप्युटरचं निदान मला कळतं. तिकीट निघतं, बिल निघतं. दिसतं डोळ्यांना. तिकडे गेली तर ही काय करते ते मला कळत राहील. स्वार्थी आहे म्हणा हवं तर."

मी भांडायला बसलेली बाई. पुढच्या संधी, शिष्यवृत्त्या, माजी विद्यार्थ्यांची उदाहरणं, सगळं ओठांवर तयार होतं, आणि त्यातलं एकही या माणसाच्या प्रश्नाला लागू पडत नव्हतं.

पोरगी हळूच म्हणाली, "बाबा, इकडे या जरा."

प्रयोगशाळेत तिचा त्या दिवशीचा प्रयोग मांडलेला होता. सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवतात, बाजूला पिवळा दिवा लावतात आणि वरून सूक्ष्मदर्शकाच्या नळीतून बघतात. तिने वडिलांना स्टुलावर बसवलं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, एक डोळा मिटला.

"वर्तुळं आहेत," जरा वेळाने ते म्हणाले. "एक पिवळं, एक काळं. किती बारीक. ही काचेवर कोरलीत?"

"नाही. काच कोरी आहे. नुसता उजेड आहे तो."

"मग काळं कुठून आलं? दिवा तर चालू आहे."

तिने सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा पुस्तकातलं बोलली. तिलाच ते कळलं, थांबली आणि पुन्हा साध्या शब्दांत सांगू लागली. उजेड भिंगाच्या तळावरून परततो आणि खालच्या काचेवरूनही परततो. वर येताना दोघांची गाठ पडते. मधल्या फटीतून जाऊन यायचं म्हणून एकाला जरा उशीर होतो. दोघांची पावलं जुळली तर पिवळं दिसतं. नाही जुळली तर दोघं एकमेकांना पुसून टाकतात आणि तिथे काळोख पडतो. उजेडात उजेड मिसळून काळोख.

वडील नळीला डोळा लावूनच ऐकत होते. "बरं. म्हणजे फट असेल तसं."

"हो."

"पण मग हे मधलं? बरोबर मधे काळा ठिपका आहे. तिथे तर भिंग काचेला टेकलंय ना? फटच नाही, तर उशीर कुणाला होणार? तिथे उजेड पाहिजे."

"तिथे," ती म्हणाली, "खालच्या काचेवरून परतताना उजेडाची लाट उलटी होते. म्हणून."

"का उलटी होते?"

"हवेतून जाऊन काचेवर आपटली की उलटते."

"तेच विचारतोय. का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला बोलायची फार ऊर्मी आली. उत्तर मला येत होतं, निदान फळ्यावर मांडता येत होतं. त्या माणसाला पटेल असं सांगता आलं असतं का, कोण जाणे. मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यात असे प्रसंग कमी.

"मला माहीत नाही, बाबा," ती शेवटी म्हणाली. "पुस्तकात दिलंय. मी पाठ केलंय. परीक्षेत लिहिते पण. पण का उलटते ते मला कळलेलं नाही."

वडिलांनी नळीवरून डोळा काढला आणि तिच्याकडे वळले. "म्हणजे तुलाही नाही कळत?"

"नाही. बरंचसं नाही कळत."

मला वाटलं, आता हा माणूस उठणार आणि म्हणणार, बघा, एवढी दोन वर्षं इथे काय केलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ओझं उतरल्यावर माणूस दिसतो तसा तो दिसत होता.

"मग मला एकट्यालाच का गं बाहेर ठेवलंस?"

तिने बाहीने डोळे पुसले. "मला वाटलं," एवढंच म्हणाली. भाऊ उगाचच कपाट उघडून आतल्या तारा गुंडाळू लागले. मीही खिडकीबाहेर पाहिलं, कारण मला दुसरीकडे कुठे बघता येईना.

वडिलांनी शेजारचं स्टूल पायाने ओढून तिच्याकडे सरकवलं. "बस. तो उलटण्याचा भाग पुन्हा सांग. जिथवर कळलंय तिथवर सांग, पुढचं राहू दे."

मी माझ्या खोलीत आले. अर्ज टेबलावर पडला होता, माझ्या सहीची जागा रिकामी. दोघं बाहेर आले की विचारू, सही करायची का परत न्यायचाय, म्हणून मी पेन काढून बसले. बऱ्याच वेळाने भाऊंना प्रयोगशाळा बंद करायची होती तेव्हा ते निघाले. वडील दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरून तिला काहीतरी विचारत होते, एक तळवा उलटा करून, आणि ती मान हलवत "नाही, तसं नाही, थांबा" म्हणत होती. बोलत बोलत ते माझ्या उघड्या दारावरून पुढे गेले, जिना उतरले आणि फाटकाबाहेर पडले. अर्ज माझ्याकडेच राहिलाय हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.